चिलोंबाच्या टेकडीखालचं स्थळ

शालिकरामच्या प्रेमिलाला सांगून आलेलं स्थळ चांगलं होतं, हीच त्यातली मोठी अडचण होती. वाईट असतं तर शालिकरामने पहिल्याच दिवशी नाही म्हणून टाकलं असतं आणि संध्याकाळी निवांत मटणाचा रस्सा ओरपला असता. पण मुलगा निर्व्यसनी, आपल्याच विणकर कोष्ट्यांतला, अंगापिंडाने भरलेला. त्याचा बाप पंचवीस वर्षांपूर्वी इतवारीतल्या एका नागपुरी व्यापाऱ्याबरोबर कापड विकायला म्हणून जहाजात बसला, तो आफ्रिकेच्या दक्षिण अंगाला, न्यासालँड नावाच्या मुलखात जाऊन पोचला. तिथे चिलोंबा नावाची टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी गोंबा नावाचं गाव, आणि गावात या बापलेकांचं कापडाचं दुकान.

मुलाचं नाव श्रावण. मार्गशीर्षात तो नागपूरला आपल्या काकाकडे, ईश्वरदासकडे येऊन गेला. प्रेमिलाला पाहून गेला, आणि जाताना टेकडीसमोर उभं राहून काढलेला स्वतःचा एक फोटो शालिकरामच्या घरी विसरून गेला. विसरला असं निदान ईश्वरदास म्हणाला. प्रेमिलाने तो फोटो आपल्या ट्रंकेत ठेवला आणि रोज ट्रंकेतलं काहीतरी शोधायला लागली. एकोणीस वर्षांत त्या ट्रंकेत तिचं इतकं कधी हरवलं नव्हतं.

"पोट्टीच्या मनात हाये," भागीरथा नवऱ्याला म्हणाली. "हाव म्हना आन् मोकळे व्हा."

"चौकशी केल्याबिगर?" शालिकराम म्हणाला. "मी काय पोरगी रस्त्यावर टाकून देऊन राहिलो का?"

चौकशीचा त्याच्या घराण्यात कडक रिवाज होता. मुलाच्या गावात विचारायचंच नाही. गावचे लोक एकतर भीड धरतात, नाहीतर दात धरतात. विचारायचं ते शेजारच्या गावात. शालिकरामच्या बापाने लेकीसाठी उमरेडच्या बाजूची चार गावं पायी पालथी घातली होती. कुठे विहिरीवर बसला, कुठे न्हाव्यासमोर डोकं दिलं. एकाच आठवड्यात चारदा हजामत करून तो घरी आला तेव्हा बायकोने त्याला ओळखलं नव्हतं, पण जावई मात्र पारखून आणला होता.

"बरोबर हाये," भागीरथा म्हणाली. "मंग तुमी आफ्रिकेत कोनाच्या विहिरीवर बसता?"

शालिकरामकडे त्यालाही उत्तर होतं. मार्तंडराव.

मार्तंडराव नागपुरातल्या महाल वस्तीतले. भोसल्यांच्या काळापासून त्यांच्या घराण्यात कारकुनी चालत आली होती आणि ते स्वतः सचिवालयातून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले होते. धोतरजोडी ते शालिकरामच्याच मागावरची नेसत, म्हणून दर गुरुवारी कोष्टीपुऱ्यातल्या या गल्लीत येत. निवृत्त झाल्यापासून त्यांना मसुदा करायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांचा उजवा हात त्यामुळे दुखायला लागला होता. शालिकरामने विषय काढताच तो दुखायचा थांबला.

त्यांनी ईश्वरदासकडून माहिती काढली. गोंब्याच्या शेजारी दोन गावं, टेकडीच्या उगवतीला चिसाले आणि मावळतीला मतेमा. तिकडे गावाचं नाव आणि गावच्या पाटलाचं नाव एकच असतं, हे ऐकून मार्तंडराव प्रसन्न झाले. "उत्तम पद्धत. पाकिटावर एक ओळ वाचते." मग त्यांनी दोन्ही पाटलांना इंग्रजीत अकरा प्रश्नांची यादी पाठवली. मुलगा दारू पितो काय. मुलगा भांडखोर आहे काय. पाहुणा आला असता घरातली माणसं आत जातात की बाहेर येतात. सातवा प्रश्न असा होता, की मुलाच्या आईचा आवाज शेजारच्या गावापर्यंत ऐकू येतो काय, येत असल्यास दिवसातून किती वेळा. अकरावा शालिकरामने मुद्दाम घालायला लावला: तुटलेला धागा सांधताना मुलाचा जीव वरखाली होतो की तो शांत असतो.

"हा प्रश्न त्यांना कळेल का?" मार्तंडरावांनी विचारलं.

"धागा तं सगळीकडेच तुटते ना, साहेब."

महिन्याभराने चिसाल्याच्या पाटलाचं उत्तर आलं. तिथल्या मिशनच्या शाळेतल्या मास्तराने ते लिहून दिलं होतं. पाकिटावर इंग्लंडच्या राणीचं तिकीट होतं, ते बघायलाच निम्मी गल्ली जमली. मार्तंडरावांनी चष्मा पुसला आणि एकेक वाक्य मराठीत सांगायला सुरुवात केली.

"मुलगा चांगला आहे. सातव्या प्रश्नाचं उत्तर वारा कोणीकडून वाहतो त्यावर अवलंबून आहे. आता गोंब्याचा विषय तुम्ही काढलाच आहे, तर तुम्हाला खरं सांगणं भाग आहे. चिलोंबाची टेकडी आमची आहे. माझ्या आजोबाच्या आजोबाने तिच्यावर पहिली चूल मांडली. टेकडीवरच्या सपाट खडकावर गोंब्याच्या बाया मका वाळत घालतात. त्यांना कोणी विचारलं? आणि मतेम्याचे लोक तर त्यांच्याहून..."

पुढची दोन पानं टेकडीच होती.

आठवड्याने मतेम्याचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की मुलगा चांगला आहे, माझ्या आईच्या अंत्यविधीला लागलेलं कापड त्याने मध्यरात्री दुकान उघडून दिलं होतं, आणि चिसाल्याची माणसं खोटारडी आहेत. चूल कोणीही मांडतो. झरा कुठल्या अंगाने वाहतो ते बघा. झरा मतेम्याकडे वाहतो, म्हणून टेकडी मतेम्याची. मका वाळत घालण्याबद्दल मात्र चिसाल्याचं म्हणणं बरोबर आहे.

"झालं ना समाधान?" भागीरथाने विचारलं.

"कायचं समाधान? अर्ध्या ओळीत कोनी चांगलं असते का? दोन पानं टेकडी आन् अर्धी ओळ जावई!"

पण खरी गंमत पुढेच झाली. कोष्टीपुऱ्याला टेकडीचं वेड लागलं. मागावर बसून धोटा फेकता फेकता माणसं चिसाले आणि मतेमा यांची बाजू घेऊन भांडायला लागली. चूल मोठी की झरा मोठा? ताराचंद चुलीच्या बाजूचा, त्याचा सख्खा भाऊ झऱ्याच्या बाजूचा, दोघांनी चार दिवस एका ताटात जेवणं सोडलं. चिलोंबाची टेकडी गल्लीत एकानेही पाहिली नव्हती, पण तिची हद्द सगळ्यांना पाठ झाली. आणि या सगळ्यांच्या मध्ये शालिकराम न्यायाधीशासारखा बसू लागला. लोक विचारत, आणि तो डोळे मिटून म्हणे, "अजून पुरावा पाहिजे."

पुरावा मागवायला त्याने दोन्ही गावांना दुसऱ्यांदा पत्रं धाडली. मुलाबद्दल खुलासा करावा, असं वर होतं. आणि खाली, मार्तंडराव नको नको म्हणत असताना, चिसाल्याला मतेम्याचं म्हणणं कळवलं आणि मतेम्याला चिसाल्याचं.

ईश्वरदास चैत्रात दारात येऊन उभा राहिला. तो सरळ माणूस होता आणि आता त्याचा सरळपणाही थकला होता. "शालिकरामभाऊ, तिकडून पोरगा विचारून राहिला. अक्षय तृतीयेपर्यंत हाव म्हना नाहीतर नाही म्हना. नाही म्हनाल तं मी उमरेडच्या वच्छलाबाईच्या पोरीचं बोलनं सुरू करतो. मले राग नाही."

"चौकशी चालू हाये," शालिकराम म्हणाला.

आत प्रेमिला चाकावर सुताच्या कांड्या भरत होती. चाकाचा आवाज थांबला आणि बराच वेळ सुरू झाला नाही. शालिकरामने तो थांबलेला आवाज ऐकला. मग त्याने उगाच खोकून घेतलं आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला.

भागीरथाला सगळं कळत होतं. सकाळी पहिली कांडी भरलेली हातात देणारी, बाप मागावर बसला की त्याच्या पाठीला उशी सरकवणारी, काठाचा रंग चुकला की सगळ्यांत आधी ओळखणारी ही पोरगी समुद्रापलीकडे जाणार होती, आणि याला ते सोसत नव्हतं. पण तसं बोलायची त्याला लाज वाटे. म्हणून तो टेकडीचा पुरावा गोळा करत होता.

अक्षय तृतीयेला पाच दिवस राहिले तेव्हा आफ्रिकेहून तिसरं पाकीट आलं. पोस्टमन ओमप्रकाश गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा राहिला आणि पाकीट उलटसुलट करून बघू लागला.

"माझं असन," शालिकराम पुढे झाला.

"तुमचं नाही, काका. पत्ता अजब हाये. लिवलं हाये, नागपूरच्या शालिकराम विणकराच्या शेजारच्या गावच्या पाटलाले." ओमप्रकाशने डोकं खाजवलं. "आता तुमच्या शेजारचं गाव कोनतं म्हनावं?"

 मग भागीरथा दारातून म्हणाली, "रुपराव. दुसरं कोन?"

रुपराव पलीकडच्या गल्लीचा पंच. या दोन गल्ल्यांच्या मध्ये एक लांबट मोकळी जागा होती. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, खळ लावून उन्हात पसरायला विणकराला अशी लांब जागा लागतेच, आणि या दोन गल्ल्यांना मिळून ती एकच होती. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी शालिकराम आणि रुपराव दोघेही आपापला ओला ताणा घेऊन तिथे आले. पहिली पाळी कोणाची यावर बोलणं सुरू झालं आणि एकमेकांच्या वडिलांपर्यंत पोचलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. चिलोंबाच्या टेकडीवर निवाडा देणाऱ्या माणसाला सहा वर्षांत स्वतःच्या दारासमोरची जागा कोणाची हे ठरवता आलं नव्हतं, आणि गल्लीत ही गोष्ट कोणी त्याच्या तोंडावर बोलत नव्हतं.

गुरुवारी मार्तंडराव आले ते शालिकरामच्या दारावरून पुढे गेले आणि रुपरावच्या अंगणात जाऊन बसले. दोन्ही गल्ल्या त्यांच्या मागे गेल्या. शालिकराम मोकळ्या जागेच्या अलीकडच्या कडेला उभा राहिला. पलीकडे पाऊल टाकायचं नाही अशी त्याची शपथ होती, पण कान लांब करायला शपथेची आडकाठी नव्हती.

"पत्राखाली चिसाले आणि मतेमा या दोघांच्याही सह्या आहेत," मार्तंडराव चकित होऊन म्हणाले. मग त्यांनी वाचलं. "शालिकराम नावाच्या गृहस्थाने आम्हाला चार पत्रं लिहिली. आमच्यात पूर्वीपासून भांडण होतं, ते त्याने वाढवलं. शेवटी त्याच्याबद्दल काय करावं हे ठरवायला आम्ही दोघं टेकडीवर जाऊन बसलो. बारा वर्षांनी एकत्र बसलो. मुलगा चांगला आहे हे आम्ही दोघांनीही आधीच लिहिलं. तरी तो विचारतोच आहे. आमच्याकडे असा माणूस दिसला की दोनच कारणं असतात. मुलीत काही खोट असते, किंवा बापाला मुलगी द्यायची नसते. आम्हीही चौकशी शेजारच्या गावातच करतो. यातलं खरं काय, ते तुम्ही कळवा. मुलगा वाट बघतो आहे आणि अलीकडे कापडाच्या मापात चुकतो आहे."

 सगळ्यांनी एकदम शालिकरामकडे बघितलं. तो वळून घरी निघून गेला.

त्या दुपारी त्याचा माग चालला नाही. तो खड्ड्यात पाय सोडून बसून राहिला. आधी त्याच्या मनात आलं की चला, सुटलो. रुपराव सहा वर्षांचा वचपा काढणार. पोरगी आळशी आहे, उद्धट आहे, काहीतरी लिहून टाकणार. स्थळ आपोआप मोडेल, आणि दोष सगळा रुपरावच्या डोक्यावर. पोरगी घरीच राहील. इतकं सोपं काम देवाने आजवर त्याच्यासाठी कधी केलं नव्हतं.

मग कोणीतरी कागदावर आपल्या प्रेमिलाला वाईट लिहितं आहे, राणीच्या तिकिटाच्या मुलखात दोन गावं ते वाचताहेत, आणि तो फोटोतला पोरगा ते ऐकतो आहे, असं त्याच्या डोळ्यांपुढे आलं.  तो उठला, पायात वहाणाही न घालता निघाला, मोकळी जागा तुडवत सरळ पलीकडे गेला. शपथेची आठवण त्याला रुपरावच्या अंगणात पोचल्यावर झाली.

रुपराव बाजेवर बसून सांगत होता आणि मार्तंडराव लिहीत होते. रुपरावची बायको रुख्माबाई भिंतीला टेकून बसली होती.

"रुपराव," शालिकराम म्हणाला, "मले काय लिहायचं ते लिही. माह्या पोरीबद्दल एक अक्षर वाकडं लिहिशीन तं पाहून घे."

सहा वर्षांनी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. रुपरावने ते शांतपणे ऐकलं.

"वाचा, साहेब," तो मार्तंडरावांना म्हणाला.

मार्तंडरावांनी घसा साफ केला. पत्राची सुरुवात अशी होती, की दोन गल्ल्यांच्या मध्ये एक जागा आहे आणि ती रुपरावच्या आजोबापासून रुपरावच्या गल्लीची आहे. त्यापुढच्या नऊ ओळी त्या जागेच्याच होत्या. पाळी कोणाची होती, ताणा कोणाचा आधी ओला होता, साक्षीला कोण होतं. शालिकरामने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

"आता मुलीचं," मार्तंडराव म्हणाले. "मुलीत खोट नाही. दोन वर्षांपूर्वी माझी बायको रुख्माबाई तीन महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ही मुलगी बाप मागावर बसला की मागच्या दाराने येऊन आमच्या कांड्या भरून देत होती. तिच्या भरवशावर माझे दोन माग चालू राहिले. तिच्या बापाला हे माहीत नाही."

शालिकरामने रुख्माबाईकडे बघितलं. तिने मान हलवली. "रोज येत होती भाऊ. मले पानी बी पाजत होती," ती म्हणाली.

 बाजेचा कोपरा मोकळा होता, तिथे शालिकराम बसला.

"शेवटचं वाक्य," मार्तंडराव म्हणाले आणि थांबले. "वाचू का, रुपराव?"

"वाचा."

"तुम्ही सांगितलेलं दुसरं कारण खरं आहे. बापाला मुलगी द्यायची नाही, कारण त्याचा जीव तिच्यात आहे. त्याच्यावर रागावू नका. पण त्याच्या परवानगीची वाट बघत बसाल तर मुलगी म्हातारी होईल."

बाहेर कोणाचा तरी धोटा चालत होता. 

"हे शेवटचं काढून टाक," शालिकराम म्हणाला.

"काहून? खोटं हाये का?"

"खोटं नाही गा." शालिकराम म्हणाला. "मले नाहीच पाठवायची ते. इतक्या दूर कोन पाठवते? मेलो तं तिले कळवाले महिना लागन."

"मले माहीत हाये," रुपराव म्हणाला. "माह्या लेकीले मी वर्ध्याले दिली, तं दोन महिने मले जेवन गेलं नाही. वर्धा काय, अन् आफ्रिका काय. दारातून गेली की गेली."

हे बोलताना त्याने शालिकरामकडे बघितलं नाही आणि शालिकरामनेही त्याच्याकडे बघितलं नाही. मग शालिकरामने मार्तंडरावांच्या हातातला टाक मागून घेतला. त्याला लिहिण्याची सवय नव्हती. कागद मांडीवर धरून, जीभ दाताखाली दाबून, रुपरावच्या शेवटच्या वाक्याखाली त्याने मराठीतच दोन शब्द लिहिले आणि खाली आपलं नाव घातलं. मुलगी दिली. शालिकराम.

"याचं इंग्रजी करून देऊ का?" मार्तंडरावांनी विचारलं.

"नोको. पोट्ट्याले वाचता येते मराठी. तोच सांगन त्यायले."

अंगणाच्या दाराशी प्रेमिला उभी होती. बाप अनवाणी पलीकडच्या गल्लीत पळत गेला हे कळल्यावर ती मारामारी सोडवायला म्हणून धावत आली होती, आणि किती वेळची उभी होती ते कोणालाच कळलं नव्हतं. ती रडत होती.

"आता काहून रडून राहिली वं?" शालिकराम चिडून म्हणाला. "तुलेच जायचं होतं ना?"

"हाव."

"मंग?"

"जायचं हाये म्हूनच रडून राहिली ना, बाबा."

यावर शालिकरामला काहीतरी खडसावून बोलायचं होतं. त्याने तशी सुरुवातही केली, पण ते वाक्य त्याच्याने पुरं झालं नाही. रुपरावच्या बाजेवर, रुपरावच्या बायकोसमोर, सचिवालयाच्या हेडक्लार्कच्या देखत तो लहान पोरासारखा रडला, आणि रुपराव त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.